जीपचा पुढचा हँगर तडकला तर

मागच्या दोन भागांत आपण गाडीचे टायर आणि ब्रेक पाहिले. आज गाडीच्या पोटाखाली, पुढच्या बाजूला जायचं आहे. पुढच्या चाकांचे पाटे ज्या लोखंडी कानांना टांगलेले असतात, त्या कानांना गॅरेजवाले हँगर म्हणतात. या हँगरला तडा गेला तर काय होतं, तो तडा ओळखायचा कसा आणि नीट दुरुस्त करून घ्यायचा कसा, एवढाच आजचा विषय.

बायकांच्या कार्यक्रमात हे कशाला, असं आम्हाला केंद्रावरच एकांनी विचारलं. आम्ही त्यांना म्हटलं, मोरगिरी, ढेबेवाडी, तारळे या बाजूला वरच्या वाड्यांवर जाणाऱ्या जीपा जरा बघा. त्यांतल्या कितीतरी गाड्या बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, डाग मोडलेत तेही तिचेच. गाडी मात्र मुलगा नाहीतर नवरा चालवतो, गॅरेजला तोच जातो, आणि मिस्त्री काय म्हणाला ते घरी एका वाक्यात येतं: ‘टाके मारून घेतलेत.’ त्या एका वाक्यात काय काय राहून जातं, ते आज बघू. आणि जिच्या घरी गाडी नाही ती वडापमध्ये बसते, तिची पोरं बसतात. तिच्याही कामाची ही गोष्ट आहे.

आज आम्ही दोघी बोलतोय. आमच्यातली एक आयटीआयला वेल्डरचा ट्रेड शिकलेली आहे. दुसरीच्या घरी फोर बाय फोर जीप आहे, आणि गाडीखाली गोणपाट टाकून झोपायची तिला सवय आहे.

आधी गाडी कुठली ते सांगतो. आपल्याकडच्या जुन्या धाटणीच्या जीपांबद्दल आम्ही बोलतोय. महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली. त्याच बांधणीतून पुढे एमएम ५४०, कमांडर अशा गाड्या आल्या. या गाड्यांना पुढे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग अ‍ॅक्सल असतो आणि तो दोन बाजूंच्या पाट्यांवर बसवलेला असतो. नव्या गाड्यांपैकी बहुतेकींना पुढे पाटे नसतात, त्यांची रचना वेगळी. त्या आज सोडून देऊ.

आता पाटा टांगलेला कसा असतो बघा. घरातला पाळणा डोळ्यासमोर आणा. पाळणा कडीला अडकवलेला असतो, कडी हलते, म्हणून पाळणा हलतो. जीपच्या पाट्याची दोन टोकं असतात. एक टोक ठाम हँगरमध्ये पिन घालून बसवलेलं. तिथे पाटा फक्त फिरू शकतो, पुढे-मागे सरकत नाही. दुसऱ्या टोकाला शॅकल असतो, म्हणजे पाळण्याच्या कडीसारखी हलणारी जोडपट्टी. या जुन्या जीपांत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला, बंपरच्या बाजूला असतो, आणि ठाम हँगर मागच्या टोकाला. खड्ड्यातून जाताना कमानीसारखा वाकलेला पाटा सपाट होतो. सपाट झाला की त्याची लांबी वाढते. ती वाढीव लांबी शॅकल पोटात घेतो. पाट्याच्या मधोमध अ‍ॅक्सलवर एक सपाट बैठक असते. तिच्यावर दोन यू बोल्टांनी पाटा आवळलेला असतो, आणि मध्ये एक सेंटर बोल्ट असतो, त्याचं डोकं बैठकीतल्या भोकात बसतं. अ‍ॅक्सल जागेवर राहतो तो या एवढ्याशा गोष्टींच्या जिवावर.

हँगर तडकतो कशाने? चालकाला विचारलं तर तो म्हणेल, ‘काल त्या ओढ्यात दणका बसला, त्यानेच.’ तसं क्वचितच असतं. लोखंडी तार हातात घेऊन एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे वाकवली की पंचविसाव्या-तिसाव्या वेळी सहज तुटते, जोरही लावावा लागत नाही. हँगरचं तसंच आहे. रोजचे हजारो छोटे हेलकावे तो झेलतो. त्यातून एक केसासारखी चीर पडते, ती रोज थोडी थोडी पुढे जाते, आणि एके दिवशी उरलेलं लोखंड भार पेलत नाही. कालचा दणका शेवटचा असतो एवढंच.

लोखंड असं थकतं हे जगाला मोठी किंमत मोजून कळलं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी रँकिन नावाच्या इंजिनिअरने मोडलेले अ‍ॅक्सल तपासून सांगितलं, की तडा बाहेरून आत हळूहळू जातो आणि त्याची सुरुवात जाडी एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यात होते. त्यानंतर जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने वर्षानुवर्षं अ‍ॅक्सल फिरवून फिरवून मोडले आणि किती भार किती वेळा दिला की लोखंड हार मानतं, याचा हिशेब बसवला. आपल्या जीपचा हँगर त्याच हिशेबाने तडकतो.

कोपऱ्याचं म्हणणं आपल्याला नवं नाही. कुर्त्याचा कट कुठे फाटतो? जिथे शिलाई संपून कट सुरू होतो, त्या टोकाला. म्हणून चांगला शिंपी तिथे आडवे टाके घालून टोक पक्कं करतो. हँगरवर डोळे ठेवायचे ते अशाच जागांवर. वेल्डिंगची कड, भोकाचा काठ, पट्टीचा काटकोनी कोपरा, रिव्हेटच्या भोवतालची जागा. अ‍ॅक्सलवरच्या बैठकीलाही वेल्डिंगच्या कडेने तडे जातात. ती जागा चिखलाने भरलेली असते, म्हणून सगळ्यात उशिरा दिसते.

पण एका गाडीचा हँगर तडकतो आणि शेजारणीच्या गाडीचा वीस वर्षं टिकतो, असं का? त्याला कारणं आहेत, आणि आमच्या मते दुरुस्तीतलं निम्मं काम ही कारणं शोधण्यात आहे. पहिलं कारण जाम झालेला शॅकल. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने गाडी चिखलातच असते. ग्रीस नाही, बुश गंजले, शॅकल हलेनासा झाला, की पाट्याची वाढीव लांबी जायची कुठे? ती हँगरलाच ढकलते. कपाटाची बिजागरी गंजून घट्ट झाली आणि आपण दार ओढत राहिलो, तर स्क्रू उपटून येतात ना, तसंच. दुसरं कारण जादा पाटा. माणसं जास्त बसतात, गाडी खाली बसते, म्हणून एक पाटा वाढवून घेतात. गाडी वर उचलली जाते, पण पाटा कडक होतो, आणि जो दणका पाट्याने गिळायचा तो सरळ हँगरवर जातो. तिसरं, ढिले यू बोल्ट. चौथं, अ‍ॅक्सल आणि चेसी यांच्यामधला रबरी ठोकळा गळून पडलेला आणि शॉकअप गेलेले. हा ठोकळा फार मोठ्या किमतीचा नसतो, पण तो नसला की प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. आणि पाचवं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मागे उभी असलेली, टपावर बसलेली माणसं, वर दुधाचे कॅन. त्याची जास्त फोड करत नाही.

आता ओळखायचं कसं. गाडीत बसून कळणाऱ्या खुणा आधी. ब्रेक मारला की पुढून ‘कट’ असा एकच आवाज येतो, सोडला की पुन्हा एकदा. स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, हवा दोन्ही टायरांत सारखी असूनही. बाहेरून बघितलं तर एका बाजूचं चाक मडगार्डच्या मागच्या काठाला जास्त जवळ दिसतं. यातली एक जरी खूण असेल तर दोरी घ्या. चाकं सरळ ठेवून डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घ्या, मग उजव्या बाजूचं घ्या. दोन्ही सारखी यायला हवीत. बोटभर फरक पडला तर अ‍ॅक्सल सरकलेला आहे. मग हँगर तरी हललाय, नाहीतर सेंटर बोल्ट तुटलाय.

त्यानंतर गाडीखाली जायचं. पण आधी हँगरचा चिखल धुऊन, तारेच्या ब्रशने घासून काढायचा. रंगातून किंवा गंजातून एखादी बारीक तांबडी रेघ झिरपल्यासारखी दिसते का बघायचं. तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, त्यांचा गंज बारीक होऊन बाहेर येतो, तीच ती रेघ. संशय आला आणि डोळ्यांना ठरवता येईना, तर खडूची परीक्षा करा. जागा स्वच्छ करून ब्रशने डिझेल लावा. अर्धा तास थांबा. मग फडक्याने अगदी कोरडं पुसून घ्या आणि वरून पांढऱ्या खडूची भुकटी चोळा. लोखंड अखंड असेल तर भुकटी पांढरी राहते. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि भुकटीवर ओली रेघ उमटते. कुणाला तरी पुढच्या बंपरवर दोन-चार वेळा जोर द्यायला सांगितलं की रेघ आणखी स्पष्ट होते. तेल आणि खडूची हीच रीत पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत अ‍ॅक्सल तपासायला वापरत. ओल्या रेघेचं टोक कुठे आहे तिथे खुणेचा टिंब मारून ठेवा, ते पुढे कामाला येतं. फक्त एक लक्षात ठेवा, वेल्डिंगच्या आधी हे डिझेल पूर्ण साफ करायला हवं. एक तर ते पेट घेतं, आणि दुसरं म्हणजे तेलकट लोखंडावरचं वेल्डिंग जाळीदार होतं.

तडा सापडला, पुढे काय? ठाम हँगरला तडा असेल तर त्या गाडीत माणसं बसवायची नाहीत. यात आम्ही कुणाचं ऐकत नाही. तो हँगर सुटला तर पाट्याचं टोक मोकळं होतं आणि त्या बाजूचा अ‍ॅक्सल सरकतो. स्टेअरिंगचा दांडा अ‍ॅक्सलच्या चाकाला जोडलेला असतो, त्यामुळे चालकाने स्टेअरिंग सरळ धरलं तरी चाकं आपोआप वळतात. ब्रेकची नळी ताणली जाते ती वेगळीच. घाटात हे झालं तर चालक कितीही पट्टीचा असो, त्याच्या हातात काही उरत नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या जीपची हकिकत सांगतो. त्यांच्या जीपमधून वाडीवरची पोरं हायस्कूलला जातात, सकाळी डेअरीचं दूधही जातं. उजव्या ठाम हँगरला तडा गेला, तर एका गॅरेजमध्ये वरून वेल्डिंग मारून दिलं, अर्ध्या तासात. दीड महिन्यात तीच जागा पुन्हा उलली. पुन्हा वरून वेल्डिंग. तिसऱ्यांदा ताईंनी स्वतः खाली वाकून बघितलं आणि गाडी अंगणात उभी केली. मुलगा म्हणाला, ‘आई, एवढ्याशा चिरेनं काय होतंय? आठवडाभर चालवू, हप्ता भरू, मग बघू.’ हप्त्याची तारीख खरंच जवळ होती. ताई म्हणाल्या, ‘दूध एकट्या ड्रायव्हरनं न्यायचं म्हटलं तरी मी देणार नाही, मग पोरांचं तर सोडच.’ चार दिवस गाडी बंद राहिली. पोरं चालत गेली, त्यांच्या आयांनी ताईंना बोल लावले. हप्ता गटाने सांभाळून घेतला. कराडच्या एका मिस्त्रीने तो हँगर कापून काढला तेव्हा आतली बाजू सगळ्यांना दिसली. दोन्ही वेळचं वेल्डिंग वरच्या सालीसारखं होतं, आणि त्याच्या खाली पहिला तडा जसाच्या तसा, आतून काळातांबडा गंजलेला. ताज्या लोखंडाचा चकचकीत भाग उरला होता जेमतेम अंगठ्याएवढा.

म्हणजे वरून टाके मारणं आणि तडा दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मिस्त्रीला वाईट म्हणायचं नाही. अर्ध्या तासाचे पैसे मिळाले की तो अर्ध्या तासाचं काम करतो, आणि गाडी आत्ताच हवी म्हणून डोक्यावर उभे असतो ते आपणच. पण पूर्ण काम कसं असतं हे माहीत असेल तर तेवढा वेळ देता येतो, आणि तेवढं मागताही येतं.

पूर्ण काम असं. गाडी सपाट, टणक जागेवर घ्यायची. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड नाही, लाकडी उटी लावायची. जॅकने चेसी उचलली की खाली लोखंडी घोड्या लावायच्या आणि अ‍ॅक्सलला वेगळा आधार द्यायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, पाना घ्यायलासुद्धा नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडायच्या, आधी वजा बाजूची. नाहीतर वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटर जातो. चेसीला धरून जाणारी ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग बाजूला घ्यायचं किंवा ओल्या गोणपाटाने झाकायचं. वाळूची बादली जवळ ठेवायची. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडाला लावायचा. तो लांब कुठेतरी चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडतात. पोरांना तिथून हाकला. वेल्डिंगकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

पाटा काढूनच काम करायचं. पाटा जागेवर ठेवून शेजारी वेल्डिंग केलं आणि त्याचा एक ठिणगा-टाका पाट्यावर पडला, तर त्या जागी पाटा काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो आणि पुढे तिथूनच मोडतो. तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. पाटा बदलायचाच असतो.

मग हँगर कशाचा आहे ते बघायचं. पत्र्याचा, पोलादी असेल तर वेल्डिंग होतं. ओतीव असेल तर शक्यतो करायचं नाही, नवा बसवायचा. ओळखायला सोपं आहे. बारीक ड्रिल मारलं की पोलादाचा कीस नारळाच्या किसासारखा लांब, वळ्यावळ्यांचा निघतो, आणि बिडाची करड्या रंगाची भुकटी पडते. हँगर रिव्हेटने बसवलेला असेल आणि रिव्हेट ढिले होऊन भोकं लांबट झाली असतील, तर तेही ढिलेपण वेल्डिंगने झाकायचं नसतं. भोक नीट गोल करून, घट्ट बसणारे चांगल्या प्रतीचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले बोल्ट घालायचे. नवा हँगर बाजारात मिळत असेल आणि जुन्यात एकाहून जास्त तडे असतील, तर आमचं मत नव्याचं. जुन्याला जीव लावण्यात अर्थ नाही.

तडा वेल्ड करायचाच ठरला, तर त्याच्या टोकाला, आपण टिंब मारला त्याच्या किंचित पुढे, तीन ते पाच मिलिमीटरचं भोक पाडायचं. गोल भोकापाशी तड्याचं टोक बोथट होतं, मग उष्णतेने तो पुढे पळत नाही. त्यानंतर ग्राइंडरने तड्याची पूर्ण रेघ खणून चर करायची, पार तळापर्यंत. तडा दिसेनासा होईतो खणायचं. ताईंच्या हँगरवर दोन्ही वेळा हीच पायरी राहिली होती. मग तळापासून एक एक थर भरत वर यायचं, प्रत्येक थरावरची खपली ठोकून, ब्रश मारून साफ करायची, आणि जमेल तिथे मागच्या बाजूनेही वेल्डिंग करायचं. थंड करायला पाणी ओतायचं नाही. घाईच्या गॅरेजमध्ये ते हमखास ओततात, आणि पोलाद तिथे ठिसूळ होतं.

रॉड कुठला वापरता, हे विचारा. ग्रील-गेटला जो साधा ६०१३ नंबरचा रॉड चालतो, तो इथे आम्ही घेत नाही. अशा भार झेलणाऱ्या जागेला ७०१८ नंबरचा घ्यावा. पण तो अगदी कोरडा लागतो. हवेतला ओलावा त्याच्या लेपात शिरला की वेल्डिंगच्या आत तडे पडतात, वरून काही दिसत नाही. कोयनेच्या पावसात उघड्या पाकिटातला रॉड म्हणजे सर्द पापड. पापड उन्हात घातला की भागतं, या रॉडला मात्र तीनशे अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते, आणि मग गरम डब्यात ठेवून एकेक काढायचा असतो. शिवाय जुन्या साध्या मशीनवर तो नीट पेटत नाही, डीसी मशीन लागतं. म्हणून हे काम गावच्या गॅरेजपेक्षा तालुक्याला किंवा कराडला करून घेतलेलं बरं, वाट वाकडी झाली तरी.

वेल्डिंगवर आधाराची पट्टी लावायची का? लावावी, पण बेताने. जुन्या लुगड्याला जीनच्या कापडाचं ठिगळ लावलं तर ठिगळ टिकतं आणि लुगडं त्याच्या कडेने फाटतं. चेसीवर जाड पट्टी चिकटवली की तेच होतं, तडा पट्टीच्या कडेला नवा सुरू होतो. पट्टी मूळ पत्र्याच्याच जाडीची हवी. तिचे कोपरे गोल हवेत, टोकं निमुळती हवीत. चेसीच्या वरच्या-खालच्या काठावर आडवी वेल्डिंगची रेघ ओढायची नाही, कारण चेसी वाकते ती तिथेच, आणि ती रेघ म्हणजे पुढच्या तड्याला दाखवलेली वाट.

हँगर नवा बसवताना आधी दोन-चार टाक्यांवर धरायचा आणि मापं घ्यायची. घराचा पाया आखताना गवंडी चौक गुण्यात आहे का ते कर्ण मोजून बघतो, अगदी तसं. चारही हँगरच्या पिनांपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग. हे न करता बसवलेल्या हँगरवर गाडी कायम एका अंगाने चालते आणि टायर खाते.

जोडताना बुश नवे घालायचे, शॅकल हाताने हलतो का ते बघायचं. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळायचे. गाडी टांगलेली असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. यू बोल्टही नवेच घ्या, एकदा ताणलेले पुन्हा तशी पकड देत नाहीत. ते फुलीच्या क्रमाने आवळायचे, आणि चारपाचशे किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा. या दुसऱ्या आवळण्याला मिस्त्री वेगळे पैसे घेत नाहीत बहुतेक, पण आपण जातच नाही. वेल्डिंग थंड झालं की रेड ऑक्साइड आणि वर रंग. आम्ही फिका रंग सुचवतो, राखाडी किंवा पांढरा. काळ्या रंगावर नवी चीर दिसत नाही. पहिले महिनाभर दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला गाडी धुताना ती जागा बघायची.

गॅरेजमध्ये मिस्त्री बोलतो ते ड्रायव्हरशी, आपल्याशी नाही, हा अनुभव बहुतेकींना असेल. तिथे भांडू नका. तीनच गोष्टी विचारा: तडा खणून काढणार का, पाटा सोडणार का, रॉड कुठला. उत्तर देताना माणूस आपोआप आपल्याकडे वळतो.

आणि काढलेला जुना हँगर तिथे भंगारात टाकून येऊ नका, घरी आणा. मोडलेली बाजू उन्हात तिरपी धरली की शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी दिसतात, एकीच्या बाहेर एक. जिथून कमानी सुरू होतात तिथे तडा जन्माला आला. तिथे जुन्या वेल्डिंगची कड असेल तर काम चुकलं होतं, भोकाचा काठ असेल तर बोल्ट ढिला होता. तो तुकडा पुढच्या वेळी मिस्त्रीला दाखवा. ताईंचा हँगर सध्या आमच्या केंद्रावर खिडकीत ठेवलेला आहे. बाजाराच्या दिवशी या बाजूला आलात तर आत या, हातात घेऊन बघा.